पोलो १.५ टीडीआयला लॉराचे मोठे फ्रंट ब्रेक बसतील का? घाटासाठी पाहिजेत

घाटकरी_पोलो

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. गाडी फोक्सवॅगन पोलो १.५ टीडीआय हायलाइन, २०१५ ची, सेकंडहँड घेतलेली. टायर कंपनीच्याच मापाचे, १८५/६० आर१५. इंजिन स्टॉक आहे, रीमॅप वगैरे काही नाही. राहायला गडहिंग्लजला आणि सासुरवाडी सावंतवाडीला, त्यामुळं आजरा-आंबोली रस्ता आता पाठ झालाय.

अडचण अशी की गाडीत चार माणसं आणि डिकी फुल भरलेली असली की आंबोलीचा घाट उतरून दाणोलीपर्यंत येईस्तोवर ब्रेकचा जळका वास सुरू होतो आणि पेडल मऊ पडतं, म्हणजे दाबलं की नेहमीपेक्षा खाली जातं आणि गाडी थांबते पण उशिरा. चहाला अर्धा तास थांबलं की सगळं नॉर्मल. एकटा असलो तर काहीच होत नाही. बायको आता घाट सुरू झाला की वरचं हँडल धरूनच बसते.

कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडं स्कोडा लॉराचे पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा) कॅरिअरसकट, म्हणजे त्याला धरणाऱ्या फ्रेमसकट आलेत, २८८ एमएमच्या डिस्कसुद्धा आहेत, दोन्ही साइडचे मिळून नऊ हजार म्हणतोय. माझ्या डिस्क टेपनं मोजल्या तर २५६ भरल्या. भंगारवाला म्हणतो पोलो काय लॉरा काय सगळं एकाच खानदानातलं, बसतंय की. नाहीच बसलं तर उद्यमनगरात लेथवर ब्रॅकेट करून देणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे.

तर प्रश्न असे, हे थेट बसतं का, १५ इंची अलॉयच्या आत २८८ ची डिस्क मावते का, आणि पुढं मोठे केले तर मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क करावी लागेल का? आमचे फिटर मामा म्हणतात डिस्क मोठी केली की गाडी जागेवर थांबते. कुणी केलं असेल तर सांगा, नऊ हजार घालवायच्या आधी.

टॉर्क_तात्या

भावा, आधी पैसे खिशात ठेव.

खानदान एकच हे खरं पण घरं वेगळी आहेत. तुझी पोलो चाकणची, तिच्या चाकाला पाच बोल्ट आहेत आणि त्यांचं पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचं माप, ५ बाय १०० (पाच बोल्ट, १०० एमएमचं वर्तुळ). लॉरा औरंगाबादला जुळायची, तिचं पीसीडी ५ बाय ११२. म्हणजे त्या भंगारवाल्याकडच्या डिस्क तुझ्या हबवर बसणारच नाहीत, बोल्टची भोकंच जुळत नाहीत. आता तो म्हणेल नवीन भोकं पाडून देतो. नको. त्या डिस्कच्या टोपीची उंचीही वेगळी असते, म्हणजे भोकं पाडून बसवलीस तरी डिस्क कॅलिपरच्या मधोमध येणार नाही, एका बाजूला सरकून बसेल.

५ बाय १०० मधली २८८ ची डिस्क मिळते, जुन्या पहिल्या ऑक्टाव्हियाचं पीसीडी तेच होतं आणि युरोपात पोलोच्याच जोरदार व्हर्जनना, फाबियाच्या व्हीआरएसला २८८ बाय २५ ची डिस्क होती. जाडी बघ, २५ एमएम. तुझी २५६ बाय २२ आहे. त्यामुळं तुझ्या कॅलिपरमध्ये ती डिस्क घालून चालत नाही, कॅलिपर पण २५ वाला लागतो.

आता खरी गोम. चाक काढ आणि कॅलिपरच्या मागं बघ. दोन गाइड बोल्ट, ज्यांच्यावर कॅलिपर सरकतो ते, थेट नकलमध्ये (चाकाचं हब धरणारा ओतीव भाग) घुसलेत का, की मधे वेगळा कॅरिअर आहे जो नकलवर दोन जाड बोल्टनी आवळलाय? लहान डिस्कवाल्या बऱ्याच फोक्सवॅगनमध्ये कॅरिअर नकलमध्येच ओतलेला असतो. तसं असेल तर मोठा कॅलिपर टांगायला जागाच नाही, नकल बदलायला लागतो. नकल म्हणजे मग बेअरिंग, एबीएसचा सेन्सर, बॉल जॉइंट, अलाइनमेंट, सगळी वरात. बघून फोटो टाक.

रिमचं म्हणशील तर २८८ चे ब्रेक कंपनीनं १५ इंची चाकात दिलेले आहेत, पण प्रत्येक अलॉयचे स्पोक आतून वेगळे असतात. कॅलिपरची पाठ आणि स्पोक यात बोट जाईल एवढी फट तरी पाहिजे. हे इंटरनेटवर विचारून कळत नाही, चाक लावून हातानं फिरवूनच बघावं लागतं.

बाबल्या_कुडाळ

ता सगळा ऱ्हवांदे. घाट कितव्या गियरात उतरतंस ता आधी सांग.

घाटकरी_पोलो

@बाबल्या चौथ्यात. वळण कडक असलं तर तिसऱ्यात. गाडी छान रोल होते, ब्रेकवर कंट्रोल ठेवतो.

@तात्या रविवारी चाक काढतो.

बाबल्या_कुडाळ

मगे वास येतलो नाय तर काय. एसटीचो डायवर बघ, ज्या गियरात घाट चढता त्याच गियरात उतरता. तू पण दुसऱ्यात टाक आणि गप ऱ्हव. मागचो हॉर्न मारता तर मारांदे.

पीव्ही_नाना

बाबल्या थोडक्यात बोलला पण मुद्द्याचं बोलला, मी त्याचं गणित मांडतो. मी मेकॅनिक नाही, शाळेत फिजिक्स शिकवायचो, तेव्हा वंगणाचे हात असलेल्यांनी चूक असेल तर सुधारावं.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. घाटाचा उतार ६०० मीटर धरू. गाडी, चार माणसं, सामान मिळून १५०० किलो. एवढं वजन ६०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती साधारण ८८ लाख ज्यूल, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत जवळपास अडीच युनिट वीज. ही कुठंतरी जायलाच पाहिजे. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात, बाकीची एकतर इंजिन खाईल नाहीतर ब्रेक.

आता ताशी १०० वरून तीच गाडी करकचून पूर्ण थांबवली तर ब्रेकमध्ये जाते सुमारे ५.८ लाख ज्यूल. म्हणजे वारा-टायर सोडून दिले तर अख्खा घाट ब्रेकवर उतरणं म्हणजे १०० च्या स्पीडवरून लागोपाठ पंधरा वेळा गाडी उभी करणं, आणि तेही मधे डिस्क थंड व्हायला मोकळा रस्ता न देता, कारण घाटात तुमचा स्पीड ३०-४० असतो आणि डिस्कला वाराच लागत नाही. पुढच्या दोन डिस्क मिळून दहा-अकरा किलो बीड धरलं तर दर १० लाख ज्यूलला त्या दोनशे अंशांनी तापतात. बाकीचा हिशोब तुम्हीच करा. गाडी थांबत होती हेच विशेष.

चौथ्या गिअरला घाटात इंजिन जवळपास काहीच धरत नाही. दुसऱ्याला धरतं, आकडा ३००० च्या आसपास गेला तरी घाबरू नका, इंजिनला काही होत नाही आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असला की डिझेलही जात नाही. ब्रेक वळणाच्या आधी ठामपणे मारायचा आणि सोडायचा. पाय ठेवून घासत उतरणं सगळ्यात वाईट. न्यूट्रल तर सोडाच, आणि काही महाभाग घाटात इंजिन बंद करतात त्यांना सांगा की ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन बंद केल्यावर दोन-तीन वेळा दाबलं की मदत संपली, मग पेडल दगड होतं.

टॉर्क_तात्या

नाना, जबरदस्त. अडीच युनिट ही गोष्ट मी आता गॅरेजवर लिहून लावणार.

घाटकरी, तुझ्या फिटर मामांचं वाक्य मात्र अर्धंच खरं आहे. गाडी ब्रेक थांबवत नाही, टायर थांबवतात. रिकाम्या रस्त्यावर ६० वरून पूर्ण ताकदीनं ब्रेक मार, एबीएस पायाखाली टकटक करायला लागलं ना? म्हणजे आहेत ते ब्रेक टायरची पकड संपेपर्यंत जोर लावू शकतायत. त्यापुढं डिस्क परातीएवढी केलीस तरी एका ब्रेकमध्ये गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. चांगले टायर घातलेस तर थांबेल.

मोठ्या डिस्कचा फायदा उष्णतेत. लोखंड जास्त, मधली हवेची फट जास्त, म्हणून उशिरा तापते आणि लवकर निवते. शिवाय पॅड मध्यापासून लांब दाबतो म्हणून तेवढ्याच दाबात बारा-पंधरा टक्के जास्त जोर मिळतो, पेडल हलकं वाटतं. दोन्ही कॅलिपरचा पिस्टन ५४ एमएमच असतो, त्यामुळं मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढं ढकलणारा पंप) बदलायची गरज पडत नाही, पेडलचा प्रवास तेवढाच राहतो. ज्यांनी कुणी नीट पार्ट जमवून केलंय ते खूश आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुझा आजार तो आहे का ते आधी बघू. पेडल मऊ पडून खाली जाणं आणि पेडल कडक असून गाडी न थांबणं हे दोन वेगळे आजार आहेत. पेडल कडक आणि गाडी ऐकत नाही म्हणजे पॅड तापून पकड गेली. पेडलच खाली जातंय म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. तुझं वर्णन दुसऱ्यातलं आहे.

ऑइल कधी बदललंस?

घाटकरी_पोलो

मी घेतल्यापासून नाही. आधीच्या मालकाचं माहीत नाही. लेव्हल बरोबर आहे म्हणून हात लावला नाही.

जर्सीकर_मियाटा

न्यू जर्सीहून हजेरी. मूळचा साताऱ्याचा, म्हणून घाटाचा विषय दिसला की राहवत नाही. माझ्याकडं १९९२ ची माझदा मियाटा आहे, १.६ वाली, आणि दुसऱ्या मॉडेलचे ब्रेक लावायचा उद्योग या गाडीवर इतक्या लोकांनी केलाय की तो जवळपास पाठ्यपुस्तकातला धडा झालाय, म्हणून सांगतो.

१.६ च्या मियाटाला पुढं २३५ एमएमची डिस्क आणि मागं २३१ ची. १९९४ ला १.८ इंजिन आलं तेव्हा माझदानं पुढं २५५ आणि मागं २५१ केली. नकल तोच, पीसीडी ४ बाय १०० तेच, कॅलिपरसुद्धा जुनेच चालतात, फक्त कॅरिअर आणि डिस्क १.८ च्या घ्यायच्या आणि बोल्ट आवळायचे. १४ इंची चाकात मावतं. पुढं २००१ पासून स्पोर्ट पॅकेजच्या गाड्यांना पुढं २७० आणि मागं २७६ आली, त्याला मात्र १५ इंची चाक लागतं.

आता बघा गंमत, कंपनीनं पुढची २० एमएमनं वाढवली तर मागचीही २० नंच वाढवली. कारण पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बिघडलं की गाडी बिघडली. आमच्याकडं काही पोरं फक्त पुढचे मोठे करतात, पेडल मस्त लागतं, पण पुढची चाकं आधी लॉक व्हायला जातात आणि मागची नुसती बघ्याची भूमिका घेतात. अंतर कमी होत नाही, कधी कधी वाढतं. उलट केलं, म्हणजे मागचे जास्त झाले, तर पावसात शेपूट पुढं येतं, ते तर जिवावरचं. पोलोत तुम्ही पुढं २८८ टाकून मागं ड्रम तेच ठेवणार. सुदैवानं युरोपात अशी जोडी कंपनीनं कुठल्या मॉडेलला दिली होती का ते शोधता येतं, पार्ट कॅटलॉगात बघा. दिली असेल तर निर्धास्त. नसेल तर तुम्ही स्वतःच्या घरच्यांवर प्रयोग करताय.

मागं डिस्क करायच्या भानगडीत मात्र पडू नका. मागचा स्टब, हँडब्रेकच्या केबल, पाइप, सगळं बदलतं आणि एबीएस मात्र ड्रमच्या हिशोबानं सेट केलेलं राहतं.

घाटकरी_पोलो

चाक काढलं. फोटो जोडलेत, लाइट कमी आहे माफ करा, जिन्याखाली उभी करतो.

तात्या म्हणाले तेच, वेगळा कॅरिअर नाही, कॅलिपरचे गाइड बोल्ट थेट नकलमध्ये आहेत. आता लॉराच्या कॅलिपरसाठी उद्यमनगरवाला म्हणतो १२ एमएमच्या प्लेटचं ब्रॅकेट कापून नकलच्या कानांना बोल्ट मारून देतो, त्यानं जीपला असं केलंय म्हणे.

पॅड बाहेर काढले, माल अजून निम्मा आहे पण वरून काळे-निळे झालेत आणि चकाकी आलीय. उजव्या बाजूची एक गाइड पिन हातानं हलतच नाही, हातोडीनं ठोकून काढावी लागली. व्हर्नियर शेजारच्यांकडून आणला, डिस्कची जाडी १९.४ भरते. डिस्कच्या कडेला बारीक अक्षरात मिन टीएच १९ असं कोरलंय. ऑइलचा रंग थंड झालेल्या बिनदुधाच्या चहासारखा.

टॉर्क_तात्या

बस, निदान झालं.

नवीन डिस्क २२ ची असते, तुझी १९.४ वर आलीय आणि १९ ला फेकायची असते. म्हणजे नाना म्हणतात ती ऊर्जा साठवायला जे लोखंड पाहिजे ते दोन्ही तोंडांवरून घासून घासून उडून गेलंय. मधली फट तेवढीच राहते, झिजतात त्या दोन भिंती, आणि उष्णता तर त्या भिंतीच धरतात. तुला डिस्क मोठी करायच्या आधी तुझी स्वतःची डिस्क परत पूर्ण करायला पाहिजे. आणि कुणी म्हणालं लेथवर फिरवून गुळगुळीत करून देतो तर त्याला नमस्कार कर, तुझ्याकडं फिरवायला मालच उरला नाही.

ती अडकलेली पिन म्हणजे त्या बाजूचा एकच पॅड काम करत होता आणि ब्रेक सोडल्यावरही नीट सुटत नव्हता, घासत राहायचा. वास तिथूनच. पिना साफ कर, रबरी बूट फाटले असतील तर नवीन घाल, ग्रीस ब्रेकचंच सिलिकॉनवालं लाव. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलंस तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते, निम्म्या गॅरेजमध्ये हेच करतात.

आता त्या ब्रॅकेटचं. उद्यमनगराला माझा सलाम आहे, तिथली माणसं बीड ओततात ती देशभर जाते, पण हे काम करून घेऊ नकोस. जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्या एका चाकावर जो पीळ येतो तो सगळा त्या ब्रॅकेटच्या दोन बोल्टवरून नकलमध्ये जातो. तुझ्या गाडीच्या वजनाचा हिशोब केला तर एका बाजूला साधारण एक-सव्वा टनाची ओढ. गॅस कटरनं कापलेली साधी प्लेट, हातानं पाडलेलं भोक, त्यात अर्ध्या एमएमचा फरक, दरवेळी तापणं निवणं. जीप ४० नं चालते रे. ते ब्रॅकेट तुटलं तर कॅलिपर सुटून रिमला अडकतो आणि चाक जाम होतं, तेही नेमकं ब्रेक मारला तेव्हाच. वळणावर. नको.

२८८ च करायचे असतील तर ५ बाय १०० वाल्या गाडीचा पूर्ण सेट, नकलपासून कॅलिपरपर्यंत, पार्ट नंबर ताडून. तो सेट भंगारात नऊ हजारात मिळत नाही.

ओलसर_ऑइल

ऑइलवर मी बोलतो, नावच तसं घेतलंय.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं तसं, आणि कोकणात ये-जा असलेल्या गाडीचं तर विचारूच नका. पाणी मिसळलं की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशाला उकळतं आणि पाणी प्यायलेलं १४० ला. डॉट ४ नवीन २३०, जुनं १५५. डॉट ५.१ नवीन २६०, जुनं १८०. ही कमीत कमी मर्यादा आहे, चांगल्या बाटल्यांवर जास्त लिहिलेलं असतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तुमचं पेडल खाली जातं. निवलं की वाफ परत विरते आणि पेडल वर येतं. दाणोलीचा चहा पिऊन होईपर्यंत तेच होत होतं.

दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर किती का झाले असेनात. लेव्हल बरोबर आहे म्हणजे ऑइल चांगलं आहे असं नसतं. डॉट ४ घाला, तेच तुमच्या गाडीला सांगितलंय. ५.१ चालतं. पण नुसतं डॉट ५ लिहिलेली बाटली कुणी दिली तर घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून माल भारी असं समजून एकानं आमच्या इथं ते घातलं होतं, सगळी सिस्टिम खोलून धुवावी लागली. आणि बाटली सीलबंद घ्या, काउंटरवर उघडी पडलेली अर्धी बाटली फुकट दिली तरी नको.

सातबारा

एक प्रश्न मधेच. दुसऱ्या गाडीचे ब्रेक लावले तर आरटीओला कळतं का? पासिंगला कोण चाक काढून बघतंय.

पीव्ही_नाना

कळत नाही म्हणून चालतं हा हिशोब अपघात होईपर्यंतच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही निकाल दिलाय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर डिस्कचं माप छापलेलं नसतं हे बरोबर, त्यामुळं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हर्जनचा मूळ पार्ट लावला तर सहसा कुणी हरकत घेत नाही. पण लेथवर केलेलं ब्रॅकेट? सर्व्हेअरनं अपघातानंतर ते पाहिलं की तो क्लेमच्या कागदावर पहिली ओळ तीच लिहील. काहीही बदल केला तर इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा आणि पोच ठेवा.

जर्सीकर_मियाटा

आणखी एक, पुढं कधी कॅलिपर बदलायची वेळ आली तर उपयोगी पडेल. कॅलिपर डावे-उजवे असतात आणि बरेचदा उलटे लावले तरी बसतात. बसले म्हणून खूश व्हायचं नाही, हवा काढायची निप्पल वरच्या बाजूला आली पाहिजे. ती खाली आली तर आतली हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते आणि तुम्ही चार बाटल्या ओतल्या तरी पेडल स्पंजसारखं दबतं. इथं एका मीटला एक पोरगा महागातले ब्रेक लावून आला होता, त्याचं हेच झालेलं, आणि तो बिचारा मास्टर सिलिंडर बदलून बसला होता.

होजच्या टोकाचा जो पोकळ बोल्ट असतो त्याच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या वॉशर दरवेळी नवीन घ्यायच्या. अगदी किरकोळ वस्तू, पण जुनी लावली तर तिथून पाझरतं.

बाबल्या_कुडाळ

आणि भोकां पाडलेले डिस्क नको घेव. दिसांक बरे, पण घाटात तापले काय भोकाच्या बाजून चिरे जातंत. साधे घे.

घाटकरी_पोलो

सगळ्यांचे आभार. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं, तो म्हणाला हरकत नाही, बेळगावचं एक गिऱ्हाईक येतंय लॉरावालंच. बरं झालं, ज्याचं त्याला गेलं.

आता ऑर्डर अशी केलीय, २५६ च्या साध्या डिस्क दोन, पुढचे पॅड चांगल्यातले, पिना आणि बुटांचा सेट, डॉट ४ ची एक लिटरची बाटली. हे करून पुढच्या सुट्टीत दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून बघतो, त्यानंतरही वास आला तर २८८ चा पूर्ण सेट शोधायचा. दोन शंका राहिल्यात. नवीन पॅड लावल्यावर लगेच घाटात नेलं तर चालतं का, आणि ऑइल घरी बदललं तर एबीएसमुळं स्कॅनर लागतो असं फिटर मामा म्हणतायत, खरं का?

टॉर्क_तात्या

लगेच घाटात नको. नवीन पॅड आणि नवीन डिस्क यांची आधी ओळख व्हावी लागते. मोकळा सरळ रस्ता बघ, सकाळी लवकर, मागं कुणी नसताना ६०-७० वरून दमदार ब्रेक मारून २० पर्यंत आण, पूर्ण थांबू नको, परत स्पीड घे, असं आठ-दहा वेळा. मग पाच-सहा किलोमीटर ब्रेक न मारता चालव म्हणजे निवतील. गरम असताना ब्रेक दाबून उभा राहू नकोस, पॅडचा माल डिस्कवर एका जागी चिकटतो आणि मग पेडल थरथरतं, लोक म्हणतात डिस्क वाकली. नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो तो आधी ब्रेक क्लीनरनं पूस. हबवरचा गंज वायर ब्रशनं काढ, तिथं कण राहिला तरी डिस्क डगमगते.

स्कॅनरचं मामांचं अर्धं बरोबर. वरची डबी रिकामी होऊ दिली नाहीस, सतत भरत राहिलास, तर साध्या पद्धतीनं एक माणूस पेडलवर आणि एक निप्पलपाशी बसून काम होतं. डबी कोरडी पडून हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये गेली तर मात्र स्कॅनरनं त्याचे व्हॉल्व्ह उघडावे लागतात. आधी मोठ्या सिरिंजनं डबीतलं जुनं काळं ऑइल काढून घे म्हणजे ते सगळ्या पाइपमधून फिरवावं लागणार नाही. कुठल्या चाकापासून सुरुवात ते तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या क्रमानं. पेडलवर बसणाऱ्याला सांग की सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, भांडणं तिथंच होतात. ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्यानं धू, रंग सोलून काढतं.

आणि क्लच हायड्रॉलिक आहे, तोही त्याच डबीतून ऑइल घेतो, तेव्हा गिअरबॉक्सजवळची त्याची निप्पल विसरू नकोस, तिथलं ऑइल सगळ्यात काळं निघतं.

घाटकरी_पोलो

पेडलवर बायको बसणार आहे. भांडणाचं नंतर कळवतो.